भांडवल गुंतण्यापूर्वी

प्रकल्प म्हणजे आज करायचा खर्च आणि त्याच्या मोबदल्यात पुढील अनेक वर्षे मिळेल असा अपेक्षित लाभ. खर्च जवळचा आणि बऱ्याच अंशी निश्चित असतो, लाभ दूरचा आणि अंदाजित असतो, आणि प्रकल्पातील जोखमीचे मूळ या अंतरातच असते. धरणाची भिंत, साखर कारखान्याची यंत्रसामग्री किंवा वीजकेंद्राची जनित्रे एकदा उभी राहिली की त्यांत घातलेला पैसा काढून दुसरीकडे वळवता येत नाही, म्हणूनच बांधकामापूर्वीचा कागदावरचा टप्पा हाच चूक कमी खर्चात सुधारण्याचा टप्पा असतो. या टप्प्यावरील कामाचे दोन भाग पडतात. गरज आणि उपलब्ध साधने पाहून विचारात घेण्याजोग्या योजना शोधणे ही प्रकल्पनिवड होय, आणि अशा प्रत्येक योजनेचा बाजार, तंत्र, पैसा, समाज व पर्यावरण या अंगांनी हिशेब मांडून ती स्वीकारावी, बदलावी की नाकारावी हे ठरवणे म्हणजे पूर्व-मूल्यमापन. या दोन्हींपैकी दुसऱ्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रत्यक्षात मात्र बहुतेक मोठ्या चुका पहिल्या भागातच रुजलेल्या आढळतात.

याचे कारण असे की गरज आणि वस्तू यांची गल्लत फार लवकर होते. गावाला पिण्याचे पाणी हवे असते, पण चर्चा सुरू होते ती टाकीपासून. तालुक्याला ऊस उत्पादकांसाठी रास्त भाव हवा असतो, पण मागणी होते ती स्वतंत्र कारखान्याची. एकदा वस्तू ठरली की पुढचा सारा अभ्यास तिच्याच भोवती फिरतो आणि तीच गरज भागवण्याचे इतर मार्ग कागदावर येतच नाहीत. साखर कारखान्याचे उदाहरण महाराष्ट्रातील वाचकांच्या परिचयाचे आहे. दररोज 2,500 टन गाळप क्षमतेचा कारखाना 160 दिवस चालवायचा तर त्याला सुमारे 4 लाख टन ऊस लागतो, आणि हेक्टरी 80 टन उतारा धरला तरी त्यासाठी 5,000 हेक्टर ऊस कार्यक्षेत्रात दरवर्षी उभा असावा लागतो. पाऊस कमी होऊन हंगाम 90 दिवसांवर आला तर गाळप सव्वादोन लाख टनांपर्यंत घसरते. कर्जाचे व्याज आणि कायम कामगारांचे पगार मात्र तेवढेच राहतात. शेजारच्या कारखान्यांची क्षमता जमेस धरली नाही, तर त्याच उसावर दोघांचे हिशेब उभे राहतात आणि हंगामात उसाची पळवापळवी सुरू होते. दोन कारखान्यांमध्ये किमान हवाई अंतर, जे महाराष्ट्रात 25 किलोमीटर ठरवण्यात आले, राखण्याचा नियम याच अनुभवातून आला. तरीही एखाद्या कारखान्याची क्षमता वाढवण्याचा प्रस्ताव आला की 'हा ऊस आज कोठे जातो' हा साधा प्रश्न विचारला गेला पाहिजे, कारण नव्या यंत्रसामग्रीने शेतातील ऊस वाढत नाही.

मागणी आणि कच्चा माल यांची तपासणी झाली की तांत्रिक अंगाकडे वळावे लागते. यंत्र, जागा, पाणी, वीज, रस्ता आणि सांडपाण्याची व्यवस्था या बाबी बहुधा अभियंते नीट पाहतात, त्यामुळे त्यांचा येथे विस्तार नको. एकच गोष्ट नोंदवण्याजोगी आहे: जमिनीखालील खडकाच्या तपासणीवर सुरुवातीला वाचवलेला पैसा बोगदा किंवा धरणाचा पाया खोदताना अनेक पटींनी मोजावा लागतो.

आर्थिक हिशेबाचा गाभा असा की आजचा रुपया आणि पाच वर्षांनंतरचा रुपया सारखा नसतो. भाववाढ क्षणभर बाजूला ठेवली, तरी आजचा रुपया दुसऱ्या कामात गुंतवून वाढवता येतो, आणि ती सोडून दिलेली वाढ हीच त्याची संधी-किंमत. म्हणून भविष्यातील प्रत्येक रक्कम ठरावीक दराने कमी करून आजच्या मोलात आणली जाते. या क्रियेला सूट लावणे, त्या दराला सूट-दर आणि सर्व लाभांच्या आजच्या मोलातून सर्व खर्चाचे आजचे मोल वजा केल्यावर उरणाऱ्या रकमेला निव्वळ वर्तमान मूल्य म्हणतात. समजा, बेदाण्यासाठी शीतगृह उभारायला आज 1 कोटी रुपये लागणार आहेत आणि पहिल्या वर्षाच्या अखेरीपासून सहा वर्षे दरसाल 25 लाख रुपये निव्वळ हाती येणार आहेत. साध्या बेरजेत दीड कोटी येतात आणि चार वर्षांत भांडवल फिटते, म्हणून प्रस्ताव उत्तम वाटतो. पण 12 टक्के सूट-दराने त्या सहा हप्त्यांचे आजचे मोल सुमारे 1 कोटी 2 लाख 80 हजार भरते, म्हणजे खरी शिल्लक 3 लाखांहूनही कमी. ज्या दराला ही शिल्लक शून्य होते त्याला अंतर्गत परतावा दर म्हणतात. येथे तो जवळपास 13 टक्के आहे, आणि बँकेचे कर्जच त्या दराने मिळत असेल तर मालकाच्या श्रमाला आणि जोखमीला काहीच उरत नाही.

आता याच शीतगृहाला वीजजोडणी मिळायला उशीर झाला आणि उत्पन्न एक वर्ष पुढे ढकलले गेले, बाकी आकडे तसेच राहिले, असे धरले तर त्याच सहा हप्त्यांचे आजचे मोल 92 लाखांच्या आत येते आणि प्रकल्प 8 लाखांहून अधिक तोट्यात जातो. उत्पन्न वेळेवर आले पण अंदाजापेक्षा दहा टक्क्यांनी कमी निघाले, तरी तोटा साडेसात लाखांच्या आसपास होतो. एकेक गृहीतक थोडे बिघडवून निष्कर्ष किती हलतो हे पाहण्याच्या या पद्धतीला संवेदनशीलता-विश्लेषण म्हणतात, आणि कोणत्याही प्रकल्प अहवालातील सर्वांत प्रामाणिक पान हेच असते. ज्या अहवालात एकच निष्कर्ष आणि तोही अपूर्णांकापर्यंत अचूक दिलेला असतो, त्याविषयी सावध राहिलेले बरे. उशीर हा खर्चवाढीइतकाच, किंबहुना काही वेळा अधिक, घातक असतो ही गोष्ट सरकारी चर्चेत क्वचितच उच्चारली जाते. कारण खर्चवाढीचा आकडा वर्तमानपत्रात छापता येतो, पण न मिळालेल्या पाण्याचा आणि न पिकलेल्या पिकाचा आकडा कोणत्याच खात्याच्या वहीत चढत नाही.

खाजगी उद्योजकाचा हिशेब येथे संपतो, सार्वजनिक प्रकल्पाचा मात्र येथे सुरू होतो. पुलावरून जाणाऱ्यांनी भरलेला टोल आणि पुलामुळे समाजाला झालेला लाभ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा विचार फ्रेंच अभियंता ज्यूल द्यूप्यूई याने 1844 मध्ये मांडला. अमेरिकेच्या 1936 च्या पूरनियंत्रण कायद्याने लाभ कोणाच्याही पदरात पडोत, ते खर्चापेक्षा अधिक असले पाहिजेत, ही कसोटी सरकारी कामांना लावली. महाराष्ट्रात या विचाराला स्वतःचा इतिहास आहे. इंग्रजी राजवटीत पाटबंधाऱ्यांची कामे 'उत्पादक' आणि 'संरक्षक' अशी विभागलेली असत: उत्पादक कामांनी गुंतवलेल्या भांडवलावरील व्याज मिळवून दिले पाहिजे अशी अट होती, तर दुष्काळापासून बचावासाठी केलेल्या संरक्षक कामांचा तोटा सरकार सोसत असे. दख्खनचे कालवे सरकारी जमाखर्चात तोट्याचेच दिसत. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभांची पाहणी केली आणि तिचा अहवाल 1948 मध्ये प्रसिद्ध झाला. पाणीपट्टीच्या वसुलीपलीकडे जाऊन भिजलेल्या शेताचे उत्पन्न, वाढलेला रोजगार, त्या भागात उभे राहिलेले उद्योग आणि व्यापार यांचा वेध घेणारी ही पाहणी भारतातील अशा अभ्यासांत आद्य मानली जाते, आणि तिचे मोल यासाठीही मोठे की ती कालवे वाहू लागल्यानंतर, शेतकऱ्याच्या शेतावर जाऊन केलेली होती.

पुढे 1972 मध्ये पार्थ दासगुप्ता, स्टीफन मार्ग्लिन आणि अमर्त्य सेन यांनी संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संस्थेसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकेत छाया-किमतींची कल्पना विस्ताराने आली. बाजारातील किंमत अनेकदा वस्तूचे समाजाच्या दृष्टीने असलेले मोल सांगत नाही. एरवी बेकार राहणाऱ्या मजुराला कामावर घेतले तर समाजाला त्याच्या मजुरीएवढा खर्च येत नाही, उलट दुर्मीळ परकी चलन खर्च केले तर त्याचे खरे ओझे सरकारी विनिमय दरापेक्षा जास्त असते. अशा दुरुस्त केलेल्या किमतींना छाया-किंमत म्हणतात. भारतातील पाटबंधारे प्रकल्पांना लाभ-व्यय गुणोत्तराची, म्हणजे लाभाला खर्चाने भागून येणाऱ्या आकड्याची, कसोटी लावली जाते. तो सर्वसाधारणपणे दीड आणि अवर्षणप्रवण भागात एक असावा अशी अपेक्षा असते. कसोटी चांगली आहे, पण ती ज्या गृहीतकांवर उभी राहते तेथेच तिला वाकवणेही सोपे आहे. अहवालात हंगामी पिके दाखवून लाभक्षेत्र विस्तीर्ण केले जाते, प्रत्यक्षात कालव्याच्या माथ्याकडील शेतात ऊस उभा राहतो आणि शेपटाकडील गावांना पाणी पोहोचत नाही. गुणोत्तर मात्र कागदावर दीडच राहते. आणखी एक दोष या गुणोत्तराच्या स्वभावातच आहे: बेरजेत लाभ कोणाचा आणि हानी कोणाची हे दिसत नाही. कोयनेच्या धरणग्रस्तांचा पुनर्वसनाचा प्रश्न दशकानुदशके रेंगाळला, आणि त्यांच्या गेलेल्या जमिनींची किंमत इतरांना मिळालेल्या विजेतून वजा करून शिल्लक दाखवली तरी त्यांच्या घरी त्या शिलकेतील काही येत नाही. भूसंपादनाच्या 2013 च्या कायद्याने सामाजिक परिणामांचे मूल्यमापन आवश्यक केले ते याच उणिवेपोटी.

पूर्व-मूल्यमापन कोठे आणि कसे निष्प्रभ होते हे समजण्यासाठी दाभोळ वीज प्रकल्पाइतके बोलके उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही. नाव दाभोळचे असले तरी हा प्रकल्प वाशिष्ठी नदीच्या मुखाशी, खाडीच्या दक्षिणेला गुहागर तालुक्यातील अंजनवेल परिसरात उभा राहिला. जून 1992 मध्ये अमेरिकेतील एन्रॉन कंपनीचे प्रतिनिधी राज्यात आले आणि काही दिवसांतच महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी सामंजस्य करार झाला. स्पर्धात्मक निविदा मागवल्या गेल्या नव्हत्या. दोन टप्प्यांत 2,000 मेगावॅटहून अधिक क्षमता उभारून आयात केलेल्या द्रवरूप नैसर्गिक वायूवर ती चालवण्याची ही योजना होती. तेव्हा देशाकडे परकी चलनाची चणचण होती, विजेचा तुटवडा होता आणि खाजगी परदेशी भांडवलासाठी वीजक्षेत्र नुकतेच खुले झाले होते. निर्णय घेणाऱ्यांवरील हा दबाव खरा होता आणि तो विसरून त्यांचा न्याय करणे योग्य ठरणार नाही.

तरीही मूलभूत प्रश्न तेव्हाच उपस्थित झाले होते. जागतिक बँकेने 1993 मध्ये या प्रकल्पाला कर्ज देण्यास नकार दिला. हा प्रकल्प राज्याच्या मागणीच्या मानाने फार मोठा आहे आणि कमीत कमी खर्चात वीज मिळवण्याचा मार्ग नाही, हा तिचा मुख्य आक्षेप होता. तो समजण्यासाठी विजेच्या मागणीचे स्वरूप पाहावे लागते. दिवसरात्र कायम राहणाऱ्या मागणीला पायाभूत भार म्हणतात आणि संध्याकाळी काही तास चढणाऱ्या मागणीला कमाल भार. ज्यांचा इंधनखर्च कमी, अशी कोळशाची केंद्रे पायाभूत भारासाठी सतत चालवायची आणि महाग इंधनाची केंद्रे कमाल भाराच्या वेळीच सुरू करायची, हा काटकसरीचा सर्वमान्य क्रम आहे. दाभोळच्या करारात मात्र केंद्र 90 टक्के उपलब्ध असेल तर मंडळाने वीज घेवो न घेवो, क्षमतेचे शुल्क द्यायचे होते. त्यामुळे महाग वीज चोवीस तास घेणे आणि त्यासाठी स्वतःची स्वस्त कोळशाची केंद्रे मंद करणे, किंवा न घेतलेल्या विजेचे पैसे भरणे, असे दोनच मार्ग मंडळापुढे उरत होते.

हे आक्षेप असूनही डिसेंबर 1993 मध्ये वीज खरेदी करार झाला. शुल्काचा मोठा भाग डॉलरशी जोडलेला होता आणि इंधनाच्या दरातील वाढ पूर्णपणे खरेदीदारावर पडणार होती. शिवाय राज्य सरकारची हमी आणि तिच्यामागे केंद्र सरकारची प्रतिहमी होती. मूल्यमापनाच्या भाषेत सांगायचे तर मागणी, चलन आणि इंधन या तिन्ही जोखमी एकाच पक्षाने उचलल्या होत्या. 1995 मध्ये सत्तांतर झाले, गोपीनाथ मुंडे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने प्रकल्पाची तपासणी केली, ऑगस्टमध्ये करार रद्द झाला आणि लगेच फेरवाटाघाटी होऊन तो पुन्हा स्वीकारला गेला. या दुसऱ्या संधीच्या वेळी दरावर घासाघीस झाली, पण एकूण क्षमता घटण्याऐवजी 2,184 मेगावॅट ठरली. चर्चा युनिटच्या भावाची झाली. एवढी वीज, या इंधनावरची, या अटींवर राज्याला हवी आहे काय, हा निवडीचा प्रश्न पुन्हा बाजूला राहिला. पुण्याच्या 'प्रयास' संस्थेच्या अभ्यासकांनी कराराचा आर्थिक ताण मंडळाला पेलणार नाही हे आकडेमोडीसह दाखवले होते. म्हणजे मूल्यमापन झाले नव्हते असे म्हणता येणार नाही. ते झाले होते, त्याचे उत्तर नकारार्थी होते आणि त्या उत्तराला निर्णयाच्या जागी स्थान नव्हते.

नाफ्त्यावर चालणारा 740 मेगावॅटचा पहिला टप्पा मे 1999 मध्ये सुरू झाला. पुढच्याच वर्षी खनिज तेल महागले, रुपया घसरत राहिला, मागणी अंदाजाइतकी वाढली नाही आणि काही महिन्यांत युनिटचा दर सात रुपयांच्या वर गेला. मंडळाची देणी थकली, हमी आणि प्रतिहमी वापरण्याची वेळ आली. माजी केंद्रीय गृहसचिव माधव गोडबोले यांच्या समितीने एप्रिल 2001 मध्ये दिलेल्या अहवालात एकामागून एक आलेल्या सरकारांच्या कारभाराचे अपयश स्पष्ट शब्दांत नोंदवले. मेअखेर उत्पादन बंद पडले, डिसेंबरमध्ये एन्रॉन दिवाळखोरीत गेली, आणि 2005 मध्ये सार्वजनिक कंपन्यांच्या पुढाकाराने रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नावाने केंद्राचे पुनरुज्जीवन करावे लागले. एन्रॉनच्या दिवाळखोरीमुळे या प्रकरणाकडे केवळ एका कंपनीच्या गैरव्यवहाराची कथा म्हणून पाहण्याची सवय लागली आहे. पण कंपनी सचोटीची असती तरी करारातील हिशेब तोच राहिला असता, आणि हे अधिक अस्वस्थ करणारे आहे.

या बाजूने इतके बोलल्यावर विरुद्ध बाजूचा युक्तिवादही ऐकला पाहिजे. अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी 1967 मध्ये विकास प्रकल्पांवरील आपल्या पुस्तकात असे प्रतिपादन केले की अडचणी आधीच कळल्या असत्या तर अनेक उपयुक्त कामे सुरूच झाली नसती, आणि संकट समोर आल्यावर माणसे जी कल्पकता दाखवतात तिचा अंदाज आधी येत नाही. कोकण रेल्वे हे त्याचे समर्थनीय उदाहरण मानता येईल. केंद्र, महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा आणि केरळ यांच्या भागीदारीत 1990 मध्ये स्थापन झालेल्या महामंडळाने सह्याद्रीच्या पायथ्याचा कठीण मार्ग 1998 मध्ये पूर्णपणे खुला केला. कर्जरोख्यांच्या व्याजाने त्याचा ताळेबंद सुरुवातीची वर्षे दबलेला राहिला, पण त्याच विवंचनेतून भरलेले ट्रक थेट रेल्वेवर चढवून नेण्याची सेवा निघाली, आणि कोकणातील माणसाला मिळालेला प्रवास केवळ तिकिटाच्या उत्पन्नात मोजणे अन्यायाचे ठरेल. तथापि हर्शमन यांचा नियम सर्वसाधारण धोरण म्हणून स्वीकारता येत नाही. बेंट फ्लिव्हबियर्ग आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या 258 वाहतूक प्रकल्पांच्या अभ्यासात दहापैकी नऊ प्रकल्पांचा खर्च अंदाजाबाहेर गेलेला आढळला आणि रेल्वे प्रकल्पांत ही वाढ सरासरी 45 टक्के होती. अंदाजातील चुका केवळ अज्ञानाच्या असत्या तर त्या दोन्ही बाजूंना सारख्या पडल्या असत्या. त्या एकाच दिशेने पडतात, कारण मंजुरी मिळवायची असते.

यावर उपाय म्हणून आता तशाच पूर्ण झालेल्या प्रकल्पांचा प्रत्यक्ष अनुभव आधार धरण्याची पद्धत सुचवली जाते. नव्या धरणाचा अंदाज त्याच धरणाच्या आराखड्यावरून न बांधता, आधीच्या वीस-पंचवीस धरणांना किती वर्षे आणि मूळ अंदाजाच्या किती पट खर्च लागला हे पाहून दुरुस्त करायचा. विदर्भातील गोसीखुर्द प्रकल्पाचा मूळ अंदाज 372 कोटी रुपयांचा होता, त्याचे भूमिपूजन 1988 मध्ये झाले, 2009 मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि सुधारित खर्च 18,000 कोटी रुपयांच्या पलीकडे गेला. या वाढीत भाववाढीचा वाटा मोठा आहे हे खरे, पण भाववाढीला एवढा वाव मिळाला तो वेळ गेल्यामुळे, आणि वेळ गेला त्याचे एक कारण असे की उपलब्ध निधी एकाच वेळी हाती घेतलेल्या असंख्य कामांत वाटला जात होता. प्रत्येक प्रकल्प स्वतंत्रपणे तपासला तर दीडच्या गुणोत्तरात बसतो. सगळे मिळून मात्र कोणताच वेळेत पूर्ण होत नाही, आणि वर पाहिलेल्या शीतगृहाप्रमाणे एकेका वर्षाच्या विलंबाने त्यांचे मूल्य शिलकेतून तोट्यात सरकत जाते.

म्हणून नव्या प्रकल्पाच्या प्रस्तावात तुलनेचा पहिला पर्याय म्हणून अर्धवट राहिलेल्या कामांची यादी जोडली गेली पाहिजे. अशा कामावर आजवर झालेला खर्च बुडीत धरायचा, म्हणजे तो निर्णयात मोजायचाच नाही, कारण काम पुढे नेले किंवा सोडले तरी तो परत येणार नाही. मोजायचा तो फक्त उरलेला खर्च आणि त्यातून मिळणारा लाभ. भिंत पूर्ण झाली आहे पण वितरिका खोदायच्या राहिल्या आहेत, अशा ठिकाणी थोड्या रकमेत मोठे क्षेत्र भिजू शकते आणि त्याच्याशी बरोबरी करणे कोणत्याही नव्या धरणाला कठीण जाते. याच हिशेबाने काही जुनी कामे सोडून देण्याजोगी ठरतील, आणि तेथे झालेल्या खर्चाचा दाखला देऊन आणखी पैसा ओतण्याचा आग्रह धरला जाईल. तो नाकारण्यासाठी लागणारी आकडेवारी पाटबंधारे खात्याच्या दप्तरात प्रत्येक प्रकल्पागणिक आहे. ती एका तक्त्यात मांडून अर्थसंकल्पापूर्वी विधिमंडळापुढे ठेवण्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.